एकोणिसावा दाणा

"बाई, लढाईच्या टेबलावर तांदूळ?"

भरुचा साहेब माझ्या मागे कधी येऊन उभे राहिले ते मला कळलंच नव्हतं. माझ्या हातात करंडा होता आणि मी एकेक दाणा चिमटीत धरून नकाशावर मांडत होते.

"मच्छीमारांच्या होड्या आहेत, साहेब," मी म्हटलं. "जहाजांना लाकडी ठोकळे आहेत, विमानांना बाण आहेत. होड्यांना काहीच नाही."

"आनी पंखा लावला तर तुमचं सगळं कोकण उडून जाईल ते?"

"पंखा गेल्या आठवड्यापासून बंदच आहे, सर," पलीकडून फिलोमिना म्हणाली. "आणि तिच्या तांदळापेक्षा रेशनचा तांदूळ आणा. त्यात खडे आहेत. उडणार नाहीत."

साहेब हसले. उंच, किंचित वाकलेले, नेहमी रुमालानं चष्मा पुसत असलेले पारशी गृहस्थ होते ते. माझ्या उपासांची थट्टा करत, पण श्रावणात माझ्यासाठी दूध बाजूला काढून ठेवायला पोऱ्याला बजावून सांगत.

त्रेचाळीस सालची गोष्ट. मुंबईच्या बंदराजवळ एका जुन्या गोदामाचा वरचा मजला होता आणि त्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत एक टेबल. टेबलावर समुद्राचा नकाशा. शेजारच्या खोलीत बिनतारी यंत्रं. तिथून खिडकीवाटे चिठ्ठ्या यायच्या आणि त्या चिठ्ठ्यांवरून कुठलं जहाज कुठे आहे, कुठलं विमान कुठे घिरट्या घालतंय ते आम्ही बायका टेबलावर मांडायचो. विमानात एक पेटी बसवलेली असे. तिच्यातून लहरी निघत, समुद्रावरच्या वस्तूवर आपटून परत येत आणि काचेवर ठिपका उमटे. ढग असो, पाऊस असो, पेटीला दिसे. रडार हा शब्द आम्हाला उच्चारायची बंदी होती. आम्ही पेटीच म्हणत असू. मात्र ठिपका लाकडाचा की लोखंडाचा, हे त्या पेटीला नीटसं सांगता येत नसे. पाण्याबाहेर थोडंसं डोकं काढलेली पाणबुडी आणि मच्छीमाराची होडी काचेवर सारखीच दिसत.

म्हणून मला तिथे घेतलं होतं. मी कोकणातली, मराठी मॅट्रिक, अक्षर चांगलं. किनाऱ्यावरच्या गावांचे पोलीस पाटील दर हंगामाला होड्यांचे आकडे कळवत. ते कागद लावून ठेवायचे, आणि विमानानं ठिपके मोजले की त्यातले आपले किती ते सांगायचं. एवढंच माझं काम.

करंडा कुंकवाचा होता. कुंकू मी सोळाव्या वर्षी पुसलं. करंडा टाकवला नाही, त्यात तांदूळ ठेवायला लागले.

त्या दिवशी मी वारंगखोलचे दाणे मांडत होते. वारंगखोल माझं माहेर. खाडीच्या मुखाशी गाबित मच्छीमारांची वाडी, वर टेकाडावर देऊळ, देवळामागे आमचं घर. माझे अण्णा गावचे भटजी. पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या होड्या एकत्र निघायच्या, मानकऱ्याची होडी पुढे, बाकीच्या तिच्यामागे, प्रत्येकीच्या नाळीला, पुढच्या टोकाला, हार आणि डोलकाठीला पताका. पहिल्या दिवशी ज्यानं जिथे जाळं टाकलं ती जागा वर्षभर त्याची. जो गेला नाही त्याला उरलीसुरली.

पाटलाच्या कागदावर लिहिलं होतं: होड्या एकोणीस. मी टाक उचलला, एकोणीसवर रेघ मारली आणि वर अठरा लिहिलं.

"अगं, सरकारी कागद तो," फिलोमिना म्हणाली.

"पाटलानं गेल्या वर्षीचाच आकडा उतरवलाय. एक होडी जाणार नाही. घरात सुतक आहे."

"म्हणजे?"

"माणूस गेलंय. दहा दिवस शिवायचं नाही, देवकार्य करायचं नाही, होडी लोटायची नाही."

"आणि जेवायचं?"

"ते असेल ते जेवायचं."

गळ्यातला क्रूस तिनं ब्लाऊजच्या आत सारला आणि ठोकळे पुसायला लागली.

मला हे कळलं होतं भागीच्या कार्डावरून. भागी माझ्या वयाची. लहानपणी ती खाली वाळूत आणि मी वर देवळाच्या पायरीवर, असा आमचा खेळ चालायचा. एकमेकींना शिवायचं नाही, पण शिंपल्या फेकायच्या. तिचा नवरा धाकू तारी. अण्णा गेल्यावर गावात पंचांग बघणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून लोक शाळामास्तरांकडून कार्ड लिहवून मला विचारत. एकादशी कधी, श्राद्ध कधी, सुतक किती. मी आनंदानं सांगत असे. माझे स्वतःचे नेमही मी तसेच पाळत होते. तुळशीला पाणी घातल्याशिवाय बोलायचं नाही, श्रावणात एकवेळ जेवायचं, जेवताना मौन. युद्धाच्या त्या खोलीतसुद्धा मी भिंतीकडे तोंड करून मुकाट्यानं जेवत असे आणि कुणी मला त्या वेळी हाक मारत नसे.

भागीनं लिहवून घेतलं होतं: मामंजी अष्टमीला गेले. दहावा दिवस वद्य द्वितीयेला येतो, आणि होड्या प्रतिपदेला जाणार. एका दिवसासाठी जागा जाईल. घरात तांदूळ नाही, मुलं कणग्यांचे कंद उकडून खातात. तू पंचांग बघ आणि काही वाट असेल तर सांग.

मी पंचांग बघितलं. दोनदा बघितलं. मग दुसऱ्या कार्डावर उत्तर लिहिलं: वाट नाही. नऊ दिवस म्हणजे दहा नव्हेत. धाकूला म्हणावं, एक वर्ष देवावर भार टाक.

ते कार्ड नारळाच्या दिवशी पोचलं असणार, असा मी हिशेब केला होता.

प्रतिपदेला सोमवार होता. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर बुरबुर पाऊस. खिडकीतून चिठ्ठी आली. फिलोमिनानं वाचली आणि माझ्याकडे सरकवली.

वारंगखोलसमोर, किनाऱ्यापासून नऊ मैल. लहान ठिपके. तीनदा मोजले. एकोणीस. अठरा एकत्र, एक मागे दीड मैल. ढग खाली आलेले. डोळ्यांनी काही दिसत नाही.

नकाशावर माझे अठरा दाणे होते. मी ते हलके हलके पश्चिमेला सरकवले.

भरुचा साहेब आले, त्यांनी चष्मा पुसला. "एकोनीस आनी तुमचे अठरा."

"अठराच आहेत, साहेब."

"कागद बघू." त्यांनी कागद उजेडात धरला. "हे तुमी खोडलं?"

"हो."

मी त्यांना सुतकाचं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांची नजर दक्षिणेकडून येणाऱ्या एका ठोकळ्यावर होती. ती गोव्याहून मुंबईला येणारी उतारूंची बोट होती. तिच्यावर तीनशेवर माणसं होती आणि पाच वाजता ती वारंगखोलवरून जायची होती. चारच दिवसांपूर्वी त्याच पट्ट्यात एक मालाचं जहाज बुडालं होतं. वाचलेल्या खलाशांनी सांगितलं होतं की पाणबुडी मच्छीमारांच्या होड्यांच्या मागेमागे, त्यांच्या आडोशानं आली.

"बाई, नीट सांगा," साहेब म्हणाले. "ती एक होडी नाही जानार. नक्की?"

"सुतकातली होडी जात नाही."

"भूक लागली तरी?"

"तरी."

"तुमी सांगता, का तुमचा धर्म सांगतो?"

"मी त्या गावची आहे, साहेब."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "समजा गेली. लपून गेली. मग?"

त्या क्षणी माझ्या मनात भागीचं कार्ड येऊन गेलं. मुलं कणग्या उकडून खातात. खोटं सांगत नाही, ते आलं होतं. पण मला वाटलं, ही शंका म्हणजे माझ्याच श्रद्धेची ढिलाई आहे. आणि शिवाय होडी गेलीच असती तर सगळ्यांच्या बरोबर गेली असती. दीड मैल मागे एकटी कशाला राहील?

"गेली असती तर बाकीच्यांत मिसळून गेली असती," मी म्हटलं. "आमच्याकडे पहिल्या दिवशी कुणी एकटं जात नाही."

"हे बरोबर," साहेब स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी हुकूम लिहून दिला.

फिलोमिनानं एकोणिसाव्या जागेवर लाल ठोकळा ठेवला. लाल म्हणजे शत्रू.

मी करंड्याचं झाकण लावलं आणि मनात विष्णुसहस्रनाम सुरू केलं. पहिलं शतक पुरं व्हायच्या आत दुसरी चिठ्ठी आली.

हल्ला केला. ठिपका नाहीसा.

फिलोमिनानं छातीवर क्रूस केला. कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि माझ्यासमोर दुधाचा पेला स्वतः आणून ठेवला.

"बाई, तुमच्या सुतकानं आज तीनशे मानसं वाचवली," ते म्हणाले.

मी दूध घेतलं. मला बरं वाटलं होतं. तेही खोटं सांगत नाही.

पाचला ती बोट वारंगखोलवरून सुखरूप पुढे गेली. तिचा ठोकळा मीच सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिना चढत होते तर वरच्या व्हरांड्यात हवाई दलाच्या कपड्यातला एक माणूस कठड्याला टेकून उभा होता. तिशीतला असेल. दाढी केलेली नव्हती. टोपी हातात गोल गोल फिरवत होता.

"वारंगखोलची यादी तुम्ही ठेवता?"

"हो."

"मी दळवी. कालच्या विमानात पेटीवर मी होतो." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "अठरा हा आकडा तुम्हाला कुणी दिला, बाई?"

"मीच दिला."

त्यानं टोपी आणखी एकदा फिरवली. मग खाली बघूनच बोलायला लागला. "ठिपका मला बाकीच्यांसारखाच वाटला होता. तेवढाच फिका. मी तसं बोललो. पण हुकूम आला होता आणि खाली ढग. अगदी पाण्यालगत उतरलो तेव्हा समोर काळं, लांबट काहीतरी दिसलं. शीड नाही, पताका नाही, काही नाही. पाणबुडीचंच पाठाड वाटलं. बाँब सुटले आणि त्याच वेळी मला माणूस दिसला. उभा होता. हात हलवत होता."

"थांबा म्हणून?"

"नाही हो." त्यानं टोपी थांबवली. "पोरं विमान बघून हलवतात ना, तसा. आपलं विमान आहे म्हणून."

जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजली. तो सरळ उभा राहिला.

"परत फिरताना ढग जरा फाटला. बाकीच्या अठरा दिसल्या. सगळ्यांना हार, सगळ्यांना पताका. तसलं एक फडकं जरी असतं ना बाई, तरी मी ओरडलो असतो." तो निघाला, दोन पायऱ्या उतरून थांबला. "मी हे सगळं लिहून दिलंय. उद्या मला कराचीला हलवताहेत."

दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. टेबलावर एक छापील कागद होता.

"होडी सुरुंगावर आदळली," ते म्हणाले. "गावाला तेच कळवलंय. तुमी पन तेच. ह्यावर सही करा. लढाई संपली तरी बोलायचं नाही."

मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"कोण होते, साहेब?"

"चार जन. नावं मला नाही ठाऊक." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "मी तुमाला तीनदा विचारलं होतं, बाई."

"हो."

"पन हुकूम माझा होता. ते तुमी डोक्यात घेऊ नका."

ते चांगले गृहस्थ होते. माझ्या डोक्यात काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं.

दहा दिवसांची रजा मिळाली. गावी जायला मला तीच बोट मिळाली, तीनशे उतारूंची. बायका डेकवर घोंगड्या अंथरून बसल्या होत्या, एक आपल्या मुलाला भरवत होती. त्या बोटीवरची सगळी माणसं जिवंत होती. मी कठड्याजवळ बसून होते. वारंगखोल आलं तेव्हा समुद्र निळा, स्वच्छ, आणि सतरा-अठरा शिडं.

भागी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. कपाळ पांढरं. दोन मुलं तिच्या पायाशी. मी अंगणाच्या कडेला उभी राहिले. तिच्याकडे सुतक होतं.

"इलंस गो?" ती म्हणाली. "बस थयंच."

मी पायरीवर बसले.

"धाकू गेलो. तेचो भाव गेलो. दोन गडी गेले. एक फळी तेवढी गावली," ती म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "सुरुंग होतो म्हणतत."

"भागी, तुला कार्ड मिळालं होतं ना माझं?"

"मिळाला. नारळाच्या दिसाक मिळाला. मास्तरांनी वाचून दाखवल्यानी."

"मग?"

तिनं धाकट्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. "धाकू दिसभर रडत होतो. मगे सांजच्याक मानकरी इलो. म्हणालो, धाकू, वर्षाची जागा घालवू नको. तू ये. पण मागसून ये. आमची हाक तुका ऐकाक येवची नाय, तुझी आमका येवची नाय, इतको लांब रव. हार घालू नको, पताका लावू नको. म्हणजे देवाकय चलात आणि पोटाकय." तिनं पदरानं नाक पुसलं. "सगळ्या गावान होय म्हटल्यान. कोणाकोणाच्या डोळ्यात पाणी इला."

मी ऐकत होते. दूर राहायला सांगितलं म्हणून दीड मैल. पताका लावायची नाही म्हणून काळं पाठाड. गावानं आपल्या परीनं दया केली होती.

"मला का नाही कळवलं?" मी विचारलं. "तार करता आली असती. मास्तरांनी केली असती."

"मास्तर करूक तयार होते. म्हणाले, मथूताईंका विचारूया." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "मीच नको म्हटलंय. तू नाय म्हणतलंस म्हणान."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तुझो शब्द मोडलंव आमी," भागी म्हणाली. "एक दीस रवलो असतो तर काय मरणार होतो? तू सांगलं होतंस. शास्त्र सांगलं होतंस. मीच तेका म्हटलंय, जा. म्हणान समुद्रान न्हेल्यान तेका." तिचा आवाज तेव्हा फुटला. "सुरुंग खयचो गो? सगळ्यांका सोडून एकाकच कित्या लागात?"

मी सांगायला हवं होतं. समोर अंगणात ऊन होतं, कोंबड्या फिरत होत्या, आसपास कुणी नव्हतं. माझ्या पिशवीत तो करंडा होता. मला शपथ होती हे खरं. शपथ नसती तरी मी त्या दिवशी सांगितलं असतं का, ते मला आजही ठामपणे म्हणता येत नाही.

"एक विचारू?" ती म्हणाली. "अंग गावला नाय. मगे सुतक खयच्या दिसापासून धरूचा?"

आणि मी उत्तर दिलं. सवयीनं दिलं. "ज्या दिवशी ऐकलं त्या दिवसापासून दहा."

तिनं मान हलवली. या खेपेला ती एक दिवसही चुकणार नव्हती.

लढाई संपली. मी एका शाळेत शिकवायला लागले, मग निवृत्त होऊन वारंगखोलला देवळामागच्या घरात येऊन राहिले. नेम चालू होते. तुळस, एकवेळ जेवण, मौन. गावात माझा शब्द फार वाढला होता. मथूताय सांगता तसा करा, नायतर धाकू तारयाचा काय झाला ता बघलास मा? पोरींच्या पाळीपासून तेराव्यापर्यंत सगळं मला विचारून होई. मी विषय टाळत असे, मला आठवत नाही म्हणत असे. लोकांना तो माझा विनय वाटे.

भागीनं त्या दिवसापासून नारळ सोडला होता. तिच्या घरात नारळाशिवाय कालवण व्हायचं. मालवणी मुलखात ही काय गोष्ट आहे ते इथलं माणूसच जाणे. विचारलं तर म्हणायची, शब्द मोडल्याचं प्रायश्चित्त. ते तिला मी सांगितलेलं नव्हतं. तिनं स्वतःच घेतलं होतं.

सव्वीस वर्षं अशी गेली. मग एका श्रावणात तिची जाऊ वारली. पौर्णिमा चार दिवसांवर होती. भागीचा मुलगा आता तांडेल, होडी त्याच्या हाताखाली. भागीनं निरोप पाठवला: पंचांग बघ आणि सांग.

मी पंचांग उघडलं नाही. दुपार कलल्यावर उतरून तिच्या घरी गेले. ती पडवीतच होती, मांडीवर सूप, तांदूळ निवडत होती. नजर अधू झाली होती, पण बोटांना खडा बरोबर कळायचा.

"मुलाला जाऊ दे," मी म्हटलं. "सगळ्यांच्या मधून जाऊ दे. हार घाल, पताका लाव."

तिची बोटं थांबली. "सुतक असा गो."

"असू दे."

मी पायरीवर बसले नाही. वर चढले, तिच्याजवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले. सुतकात मी कुणाला असं शिवले नव्हते. मग तिला सगळं सांगितलं. पेटी सांगितली, टेबल सांगितलं, एकोणीसवर मारलेली रेघ सांगितली. तीनदा विचारलं आणि तीनदा मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. हात हलवणारा माणूस सांगितला. मला वाटलं होतं मध्येच रडू येईल. आलं नाही.

माझं बोलून झालं. खाली खाडीत कुणीतरी होडीला राळ लावत होतं, त्याचा वास येत होता.

"म्हणजे देवान नाय न्हेलो तेका," भागी म्हणाली.

"नाही."

"मी जा म्हटलंय म्हणानय नाय."

"नाही."

ती मला शिव्या देईल म्हणून मी थांबले होते. उठून जा म्हणेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं ते वेगळंच.

"तू तेका बघलंस त्या टेबलार?"

"माणसं दिसत नसत. ठिपकाही विमानातच दिसे. आम्ही नुसतं मांडायचो."

"काय मांडायचास?"

"तांदळाचे दाणे. एका होडीला एक."

"आणि तेचो?"

"अठराच मांडले होते. त्याचा मांडला नव्हता."

भागीनं सुपावर हात फिरवला. खडे नाहीत, कणी नाही, असं चाचपत चाचपत तिनं एक दाणा उचलला, डोळ्यांजवळ नेला, तळहातावर ठेवला. किती वेळ ती त्याच्याकडे बघत होती कोण जाणे. अंगणातलं ऊन सरत सरत पायरीपर्यंत आलं.

तो दाणा तिनं सुपात परत टाकला नाही. पदराच्या टोकाला घेतला, गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली.

"जा आता घराक," ती म्हणाली. "तिन्हीसांज झाली. तुझो तुळशीकडचो दिवो रवलो असतलो."